सुपातलं पाखडताना: ओपन सोर्समधले माहीत असलेले दोष आणि आपलं यंत्र

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत मी ज्या युनिटमध्ये काम करतो, तिथे सिरिंज पंप बनतात. आयसीयूत पलंगाशेजारी स्टँडला लावलेलं ते यंत्र, जे ताशी दोन-अडीच मिलिलिटर अशा मुंगीच्या चालीनं औषध शिरेत ढकलत असतं. दर पावसाळ्याच्या तोंडावर कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, दोन-तीन नवी मुलं येतात. कोड लिहायला त्यांचे हात शिवशिवत असतात आणि मी त्यांच्यापुढे एक एक्सेलची फाइल ठेवतो. चेहरे पडतात. ‘सर, हे तर क्लार्कचं काम आहे,’ असं गेल्या वर्षी एकीनं तोंडावर सांगितलं. पुढे तिनंच माझी एक चूक पकडली, ती खाली येईलच.

त्या फाइलीत आम्ही वापरत असलेल्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या माहीत असलेल्या दोषांची नोंद असते. वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरचं प्रमाण म्हणजे आयईसी ६२३०४. ते २००६ साली आलं, २०१५ साली त्यात सुधारणा झाली. आपल्या यंत्रासाठी म्हणून न लिहिलेल्या, बाजारातून उचललेल्या सॉफ्टवेअरला त्यात ‘सूप’ म्हणतात: सॉफ्टवेअर ऑफ अननोन प्रॉव्हेनन्स, कूळ-मूळ ठाऊक नसलेलं. साहेबाला यातून वाटीतलं सूप आठवत असेल. मला आजीच्या मांडीवरचं आठवतं, आणि ते जास्त बरोबर बसतं. धान्य कुणाच्या शेतातलं ते आपल्याला माहीत नाही, पण पाखडून घेणं आपल्या हातात आहे. शिवाय जात्यातले रडतात तेव्हा सुपातले हसतात, हेही इथे शब्दशः खरं आहे. आज दुसऱ्या कुणाचं यंत्र ज्या दोषानं बंद पडलं, तो दोष तुमच्याही सुपात असतो. तुमचा दाणा अजून जात्यात पडलेला नाही, इतकंच.

मी वैद्यकीय उदाहरण घेतोय कारण मला तेच येतं. मोटारींसाठी आयएसओ २६२६२ आहे, कारखान्यातल्या सुरक्षा-यंत्रणांसाठी आयईसी ६१५०८, विमानांसाठी डीओ-१७८सी. इथून तासाभरावर सावलीला मेट्रोचे डबे बनतात, त्यांची रेल्वेची प्रमाणं आणखी वेगळी. शब्द बदलतात, कलमांचे आकडे बदलतात. पाखडायची रीत फारशी बदलत नाही.

आधी सुपात काय आहे ते बघा

फ्रीआरटॉस म्हणजे छोट्या चिपवर चालणारी ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम. ‘आम्ही फ्रीआरटॉस वापरतो’ हे उत्तर पुरत नाही. कुठली आवृत्ती, कुठून आणली, आणि आणल्यावर तिला कुणी हात लावला का, हे तिन्ही पाहिजे.

आमच्याकडे कागदावर एक आवृत्ती होती आणि बोर्डात दुसरी. कारण साधं होतं. चिप विकणाऱ्या कंपनीच्या किटमध्ये फ्रीआरटॉसची तिची स्वतःची प्रत होती आणि कुणीतरी किट अद्ययावत करताना ती आपसूक बदलली. म्हणून फोल्डरच्या नावावर विश्वास ठेवू नका. फ्रीआरटॉसच्या टास्क डॉट एच फाइलमध्ये आवृत्तीचा आकडा लिहिलेला असतो, तो बघा. मग मूळ प्रकल्पाची तीच आवृत्ती उतरवून दोन्ही फोल्डर डिफला, म्हणजे फरक दाखवणाऱ्या साधनाला, लावा. चिपवाल्यांनी केलेले फेरफार तिथे दिसतात. त्या फेरफारांतले दोष मूळ प्रकल्पाच्या कुठल्याच यादीत येणार नाहीत, ते तुमचे तुम्हालाच शोधायचे आहेत.

दुसरी जागा म्हणजे लिंकरची, कोडचे तुकडे जोडून अंतिम बायनरी बनवणाऱ्या साधनाची, मॅप फाइल. ती कुणी उघडत नाही. अंतिम बायनरीत खरोखर काय गेलं ते तिच्यात ओळीनं लिहिलेलं असतं. सी लायब्ररीतलं फ्लोट छापणारं फंक्शन, ग्राफिक्सच्या किटमधून चोरपावलांनी आलेली एखादी झेडलिब ही डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी, हे सगळं तिथे सापडतं. लिनक्सवर काम असेल तर योक्टो हे साधन बिल्ड करतानाच घटकांची यादी एसपीडीएक्स स्वरूपात काढून देतं. एसपीडीएक्स २०२१ पासून आयएसओचं प्रमाण आहे. दुसरं चालणारं स्वरूप सायक्लोनडीएक्स. कुठलंही घ्या, पण यादी बिल्डमधून निघाली पाहिजे, माणसाच्या आठवणीतून नको. आपल्या सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेनंही ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा याद्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, तेव्हा ग्राहक ती मागतील याची तयारी ठेवा.

आणि कंपायलर, कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा! तो यंत्रात जात नाही म्हणून यादीतून सुटतो. पण यंत्रात जाणारी प्रत्येक सूचना त्याच्याच हातची असते.

मग प्रत्येकाचे दोष कुठे जाहीर होतात ते शोधा

इथे नवी मुलं हमखास एक चूक करतात: सीव्हीईच्या डेटाबेसमध्ये नाव टाकतात, चार नोंदी येतात, काम झालं म्हणतात. सीव्हीई ही १९९९ पासून चालत आलेली सुरक्षा-भेद्यतांची, म्हणजे हल्लेखोराला उपयोगी पडतील अशा दोषांची क्रमांकवार यादी आहे. पंपाचा टायमर ठरावीक परिस्थितीत एक ठोका चुकतो, यात हल्लेखोराला काही रस नसतो. त्याला सीव्हीई मिळणार नाही. रुग्णाला मात्र जास्त औषध जाईल. आमच्या कामाचे बरेचसे दोष या दुसऱ्या जातीचे असतात आणि ते प्रकल्पाच्या स्वतःच्या वहीत सापडतात.

ती वही प्रत्येकाकडे वेगळी. जीसीसी या कंपायलरची बगझिला आहे. तिच्यात ‘राँग-कोड’ या खुणेनं शोधा. कंपायलर कुरकुर न करता चुकीचा कोड बनवतो, असे दोष या खुणेखाली असतात. प्रत्येक नोंदीत ‘नोन टू वर्क’ आणि ‘नोन टू फेल’ अशा दोन रकान्यांत आवृत्त्या दिलेल्या असतात, त्यामुळे निम्मं पाखडणं तिथेच होतं. फ्रीआरटॉसच्या मुळाशी एक हिस्टरी नावाची टेक्स्ट फाइल आहे, ती वरून खाली वाचून काढा. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या दस्तऐवजात डेटाबेस कसा बिघडवता येतो याचंच एक पान आहे. त्यात वापरणाऱ्याच्या चुका आहेत, तसे खुद्द एसक्यूलाइटमधले जुने दोषही मोकळेपणानं सांगितले आहेत. इतका प्रामाणिकपणा मी विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये क्वचित पाहिला.

लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, प्रकरण वेगळं आहे. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलची मंडळी स्वतःच सीव्हीई क्रमांक देतात आणि त्यांचं धोरण सढळ आहे, त्यामुळे वर्षाला हजारोंनी नोंदी येतात. सगळ्या वाचायला बसलात तर पंप कधीच बाजारात जाणार नाही. पण त्या नोंदींत दोष कुठल्या सोर्स फाइलींत आहे तेही दिलेलं असतं. तुमच्या बिल्डमध्ये कंपाइल झालेल्या फाइलींची यादी काढा, दोन्ही याद्या स्क्रिप्टनं एकमेकींना भिडवा. न वापरलेल्या फाइलसिस्टिम आणि न जोडलेल्या ग्राफिक्स कार्डांच्या नोंदी तिथेच गळून पडतात. कर्नलच्या कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक नोंदवलेल्या बदलात, ‘फिक्सेस’ अशी एक ओळही असते. कुठल्या जुन्या कमिटनं हा दोष आणला, ते तिच्यावरून कळतं. तो जुना कमिट तुमच्या आवृत्तीत नसेल तर तो दोषही सहसा तुमच्यात नसतो.

अमेरिकेच्या एनव्हीडी या सरकारी भेद्यता-डेटाबेसवर एकट्या विसंबू नका. त्याच फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथलं नोंदींना गुण आणि लागू आवृत्त्या जोडण्याचं काम तुंबलं. नोंद दिसायची, पण तिच्यावर पुढचं काही लिहिलेलंच नसायचं. आणि तुमचा दोष शोधणारा स्कॅनर त्याच माहितीवर चालत असेल तर तो ‘काही सापडलं नाही’ म्हणून हिरवा दिवा दाखवतो.

बडोदेकरांना हे समजावणं सोपं जातं. पाऊस लागला की आपण आपल्या गल्लीतलं पाणी बघत बसत नाही. वर आजव्याच्या तलावाची पातळी किती, काळाघोड्याच्या पुलाशी विश्वामित्री नदी किती फुटांवर, हे आधी विचारतो. पण आजवा भरला म्हणून सगळ्या शहरात पाणी शिरत नाही. कुणाच्या दारात येतं आणि कुणाच्या नाही, ते घर कुठे आहे त्यावर ठरतं.

तो दोष आपल्या दारात येतो का?

सगळं काम खरं म्हणजे इथे आहे. एकच उदाहरण नीट बघू.

सीव्हीई-२०२१-३१५७१. फ्रीआरटॉस कर्नलच्या १०.४.३ च्या आधीच्या आवृत्त्या. रांग, म्हणजे क्यू, तयार करताना तिची लांबी आणि एका संदेशाचा आकार यांचा गुणाकार होतो. गुणाकार ३२ बिटांच्या पलीकडे गेला तर आकडा वळून लहान होतो. रांग तयार झाल्याचं सांगितलं जातं, पण तिच्या नावावर जागा मात्र अपुरी असते. पुढे संदेश लिहिले की ते शेजाऱ्याच्या मेमरीवर जाऊन पडतात.

आमची आवृत्ती होती १०.२.१. मी ही नोंद वाचली आणि मनाशी म्हटलं, ४२९ कोटींच्या पुढे जाणारी रांग कोण वेडा करेल? फाइलीत दोन शब्द लिहिले: ‘लागू नाही’. सही केली. जेवायला गेलो.

क्लार्कचं काम म्हणणाऱ्या त्या मुलीला मी जुन्या नोंदी तपासायला दिल्या होत्या. तिनं सोर्समध्ये रांग बनवणाऱ्या फंक्शनचा शोध घेतला. आठ जागा सापडल्या. सात ठिकाणी लांबी कोडमध्येच लिहिलेली होती, १० किंवा १६. आठव्या ठिकाणी, अलार्मच्या इतिहासासाठी, लांबी ईईप्रॉममधल्या, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतल्या, सेटिंगमधून वाचली जात होती. एका मोठ्या रुग्णालयाला लांब इतिहास हवा होता म्हणून कधीतरी कुणीतरी ती सोय केलेली.

‘सर, कोरी ईईप्रॉम काय वाचते?’ तिनं विचारलं.

सगळे बिट एक. म्हणजे ४२९४९६७२९५. आमचा संदेश २४ बाइटचा. गुणाकार वळतो आणि पुन्हा शून्यावर यायला २४ कमी असताना थांबतो. त्यात रांगेच्या स्वतःच्या रचनेचे सुमारे ८० बाइट मिळवले की बेरीज आणखी एकदा वळते आणि हातात पडतात ५६ बाइट. रांगेची स्वतःची रचनाही त्यात मावत नाही. कॅलिब्रेशन न झालेला किंवा ईईप्रॉम बदललेला बोर्ड सुरू केला तर अलार्मची रांग पहिल्याच क्षणापासून परक्या मेमरीवर बसलेली असणार होती. बोर्ड लगेच बंद पडला असता तर एक वेळ बरं झालं असतं. तो चालत राहण्याची भीती जास्त होती.

यातून गाळण्याचा क्रम असा निघतो. आवृत्ती लागू आहे का? दोष असलेला भाग आपल्या बिल्डमध्ये जातो का? दोष जागा व्हायला जी परिस्थिती लागते ती आपल्या यंत्रात उद्भवू शकते का? त्यात कोरी मेमरी, अर्धवट वीज, सर्व्हिसवाल्याने बदललेला पार्ट, हे सगळं धरायचं. आणि उद्भवली तर रुग्णापर्यंत काय पोहोचेल? शेवटच्या प्रश्नाला सॉफ्टवेअरवाला एकटा उत्तर देऊ शकत नाही. धोका-विश्लेषण करणारा माणूस आणि शक्य असेल तर एखादी आयसीयूतली नर्स शेजारी बसवा. आम्हाला वाटायचं, अलार्म दोन सेकंद उशिरा वाजला तर काय मोठंसं. नळी तुंबल्याचा अलार्म कुठला आणि बॅटरी उतरल्याचा कुठला, यातला फरक आम्हाला एका परिचारिकेनं समजावला.

निर्णय असा लिहा की उद्या कुणाला तो खोटा ठरवता येईल

‘लागू नाही’ हे दोन शब्द कुणालाच तपासता येत नाहीत. त्याऐवजी त्या नोंदीत आता असं लिहिलं आहे: ‘लागू. रांग बनवण्याच्या आठ जागांपैकी सात ठिकाणी लांबी स्थिर. आठव्या ठिकाणी ईईप्रॉममधून येते. वाचल्यावर ८ ते २५६ च्या बाहेर असेल तर ६४ धरली जाते आणि सेवा-अलार्म लागतो. कोऱ्या ईईप्रॉमची चाचणी जोडली आहे. नवी रांग कुणी जोडली तर ही नोंद पुन्हा उघडायची.’ खाली तारीख, आमच्या कोडचा कमिट क्रमांक, दोन सह्या. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण आजचा निर्णय ज्या गृहीतकावर उभा आहे ते तिथे सांगितलेलं असतं.

स्थितीसाठी चार शब्द पुरतात: लागू, लागू नाही, दुरुस्त, तपास चालू. जगभर व्हेक्स नावाच्या पद्धतीत हेच चार चालतात. ‘तपास चालू’वर कोण आणि कधीपर्यंत ते लिहा, नाहीतर ती नोंद तिथेच म्हातारी होते.

सीव्हीएसएस या भेद्यतेची तीव्रता मोजणाऱ्या पद्धतीच्या ० ते १० गुणांवर भाळू नका. यंत्रात आधीच शिरलेल्या माणसाला ते बंद पाडता येतं, अशा दोषाला साधारण ५.५ मिळतात, म्हणजे ‘मध्यम’. ऑफिसातल्या सर्व्हरसाठी ठीक आहे. रक्तदाब टिकवणारं औषध देत असलेला पंप थांबणं मध्यम कसं असेल? उलट गुप्त माहिती फुटण्याचा ७.५ गुणांचा दोष, ज्या पंपाला नेटवर्कच नाही तिथे गैरलागू असू शकतो. गुण नोंदवून ठेवा, पण प्राधान्य तुमच्या धोका-विश्लेषणावरून ठरवा.

आणखी एक कारण ऑडिटमध्ये वारंवार ऐकू येतं: ‘इतके लोक वापरतात, काही झालं नाही.’ एरियन ४ रॉकेटमधलं सॉफ्टवेअरही उत्तम चाललं होतं. तेच एरियन ५ मध्ये घातलं. ४ जून १९९६ ला पहिल्याच उड्डाणात, ४० सेकंदांच्या आत, एक मोठा आकडा १६ बिटांत मावला नाही आणि रॉकेट गेलं. नव्या रॉकेटचा वेग वेगळा होता. लोक वापरतात ते त्यांच्या परिस्थितीत.

आवृत्ती बदलायची की नाही

नव्यांना वाटतं ताजी आवृत्ती घेतली की सुटलो. २०१४ च्या हार्टब्लीड या गाजलेल्या दोषात ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या १.०.१ पासून १.०.१एफपर्यंतच्या आवृत्त्या सापडल्या. जुनी ०.९.८ आणि १.०.० त्यातून सुटल्या, कारण दोष ज्या नव्या सोयीत होता ती त्यांच्यात नव्हतीच. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या अगदी ताज्या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेलं चोरदार निघालं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्यावरून अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरनं ते पकडलं.

आम्ही सहसा नेमकी दुरुस्ती तेवढी जुन्या आवृत्तीत आणतो. पण मग आवृत्तीचं नाव बदला: ‘१०.२.१ अधिक आमचा पॅच ३’. नाहीतर पुढच्या वर्षीचा माणूस १०.२.१ बघून तोच दोष पुन्हा उकरत बसेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे किट अद्ययावत करताना तुमचा पॅच पुसून टाकेल. पॅच जाऊन पोचला की नाही हे सांगणारी एक चाचणी बिल्डमध्ये ठेवा.

घड्याळ लावून घ्या

आमच्याकडे सोमवारी सकाळी, चहा येण्याआधी, एक तास. स्क्रिप्ट रात्रीच नवे दोष गोळा करून ठेवते. एक माणूस पाखडतो, दुसरा उलटतपासणी करतो, जोड्या दर महिन्याला बदलतात. पूर्वी हे काम एकट्या माझ्याकडे होतं आणि ‘लागू नाही’ तिथूनच आलं. रिलीजच्या दिवशी फाइलची प्रत गोठवून त्या रिलीजसोबत ठेवायची. ६२३०४ च्या कलम ७.१.३ मध्ये पुरवठादारानं जाहीर केलेली दोषांची यादी तुमच्या आवृत्तीपुरती तपासा असं म्हटलेलं आहे, आणि ऑडिटर नेमकी तीच प्रत मागतो.

रिलीजनंतरही सोमवार चालूच राहतो. विकलेले पंप सात-आठ वर्षं चालतात. म्हणून विकलेल्या प्रत्येक अनुक्रमांकासमोर कुठलं बिल्ड आहे आणि त्या बिल्डमध्ये कुठल्या घटकाची कुठली आवृत्ती, हे एका शोधात मिळायला हवं. कोऱ्या ईईप्रॉमची भानगड निघाली तेव्हा आम्हाला हे शोधायला तीन दिवस लागले. निम्मी माहिती सर्व्हिसवाल्या भाईंच्या डायरीत होती आणि ते लग्नाला भरूचला गेले होते.

तुम्हाला स्वतःला नवा दोष सापडला तर तो मूळ प्रकल्पाला कळवा. हल्ल्याला उपयोगी पडेल असं वाटलं तर उघड्यावर टाकू नका. बहुतेक प्रकल्पांत सुरक्षा-दोष खासगीत कसे कळवायचे याची वेगळी फाइल असते. बाकीचे दोष कळवताना आपल्या पंपाची गोष्ट सांगत बसू नका. आवृत्ती, कंपायलर, चिप आणि दोष दाखवणारा वीस-तीस ओळींचा कोड, एवढंच पाठवा. तो कोड बनवताना निम्म्या वेळा कळतं की दोष त्यांचा नव्हता, आपलाच होता. मग ती नोंद सुपाच्या फाइलीतून काढून आपल्या दोषांच्या फाइलीत टाकायची.